रस्ता चुकण्याचा अधिकार

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी महाविद्यालयात शिकवतो. अभ्यासक्रमात त्याची व्याख्या असते, लक्षणे असतात आणि लेखकांची एक ठरावीक नामावली असते. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून आरंभ करायचा, अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’पाशी थोडे थांबायचे आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत यायचे. सौंदर्यदृष्टी, विनोद, निरीक्षण, जिज्ञासा ही लक्षणे फळ्यावर लिहायची आणि विद्यार्थ्यांनी ती उतरवून घ्यायची. अनेक वर्षे मीही हेच केले. या लक्षणांत एक प्रश्न गाळला गेला आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तो प्रश्न वर्गातल्या एका मुलाने विचारला आणि त्यातूनच हा लेख झाला आहे.

अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून मी वर्गाला एर्नेस्तो गेव्हाराच्या मोटारसायकल प्रवासाची गोष्ट सांगत होतो. हा पुढे चे गेव्हारा म्हणून ओळखला गेलेला क्रांतिकारक. आपल्याकडची तरुण पोरे त्याचे चित्र छापलेले सदरे घालतात, परंतु त्याची दैनंदिनी फार थोड्यांनी वाचलेली असते. ती १९९०च्या दशकात पुस्तकरूपाने आली. ‘द मोटरसायकल डायरीज’ या नावाने तिचे इंग्रजी भाषांतर १९९५ साली प्रसिद्ध झाले आणि २००४ साली वॉल्टर सॅलेसने त्याच नावाचा चित्रपट काढला. वाळूत घसरणारी गाडी, तुटलेले भाग तारेने बांधून काढलेला मार्ग, अनोळखी घरी मागितलेला रात्रीचा आसरा, हे सारे मी रंगवून सांगत होतो. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, गाडी बंद पडल्यावर त्यांना कुणी आडनाव नाही विचारलं का?”

वर्ग हसला. मला हसता आले नाही. त्याचे कारण मी पुढे सांगणार आहे. आधी पुस्तकाविषयी.

एर्नेस्तो त्या वेळी तेवीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो हा जीवरसायनशास्त्रज्ञ. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्याने काम केलेले होते. दोघेही अर्जेंटिनाचे, सुशिक्षित, गोऱ्या कातडीचे. डिसेंबर १९५१च्या अखेरीस आणि जानेवारी १९५२च्या आरंभी त्यांचा प्रवास सुरू झाला. वाहन म्हणजे पाचशे सीसीची जुनी नॉर्टन मोटारसायकल. तिचे नाव त्यांनी ठेवले होते ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलशालिनी. नाव बलशालिनी आणि अवस्था अशी की रोज काहीतरी निखळावे. मागच्या बाजूला सामानाचा एवढा बोजा की पुढचे चाक जमिनीवर नीट टिकत नसे. वाळूचा रस्ता आला की पडणे ठरलेले. जिथे स्क्रू बसवायचा तिथे ग्रानादो तार गुंडाळी. चिलीत एका उतारावर ब्रेक निकामी झाले आणि समोर गाईंचा कळप आला. असे करत करत चिलीच्या मध्यावर गाडीने कायमचा राम म्हटला. ट्रकमध्ये घालून तिला सांतियागोला नेले आणि तिथे टाकून दिले. तिथून पुढचा प्रवास मालमोटारी, जहाज, तराफा आणि पाय यांच्या आधाराने झाला. पुस्तकाच्या नावात मोटारसायकल असली तरी अर्ध्याहून अधिक पुस्तक मोटारसायकलीवाचूनचे आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. गाडी पडली, वाकली, बंद झाली की हे दोघे काय करत? जवळच्या घराचे दार ठोठावत. तिथे त्यांना चहासारखे ‘माते’ नावाचे पेय मिळे, गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात पथारी मिळे, पुष्कळदा मांसाचे जेवणही मिळे. काही ठिकाणी नकारही मिळाला. चिलीतल्या तेमुको शहरी एका वर्तमानपत्राने, कुष्ठरोगाचे दोन अर्जेंटिनी तज्ज्ञ आले आहेत अशी बातमी छापली. एक अजून शिकत असलेला विद्यार्थी आणि दुसरा रसायनशास्त्रज्ञ, असे हे ‘तज्ज्ञ’. परंतु त्या कात्रणाने दारे उघडली. कालपर्यंतचे दोन भटके एका दिवसात सन्माननीय पाहुणे झाले. गेव्हाराने हे लपवलेले नाही. आपल्यातला हा बदल तो हसत हसत नोंदवतो. फुकटचे खाणेपिणे मिळवण्यासाठी प्रवासाच्या वाढदिवसाचे सोंग कसे करत, तेही तो सांगतो. हा त्याच्या लेखनाचा प्रामाणिकपणा आहे आणि तो मी मान्य करतो.

पण त्याला जिथे हसू येते तिथे मला येत नाही. ते का, हे सांगायचे तर मला माझ्या चिखलात उतरावे लागेल.

माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील सालगडी होते. ते आयुष्यभर चालले. मी हप्त्यांवर जुनी मोटारसायकल घेतली तेव्हा आईने हळदकुंकू न लावता नुसता तिच्या सीटवरून हात फिरवला. दोनतीन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात मी त्या गाडीवर एका विद्यार्थ्याच्या वस्तीकडे निघालो होतो. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती आणि पोरगा महिनाभर वर्गात दिसला नव्हता. फाट्यावर कुणीतरी जवळची वाट सांगितली आणि मी डांबरी सोडून पाणंदीत शिरलो. मराठवाड्यातली काळी माती ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचे सांगायला नको. ती चाकाला चिकटते, मडगार्डात ठासून भरते आणि चाक फिरेनासे होते. काडीने माती कोरायची, दहा पावले गाडी ढकलायची, पुन्हा कोरायची. पुढे वाट ओढ्यात उतरली, तिथे मी गाडीसकट आडवा झालो. पाय सायलेन्सरखाली आला आणि पोळला. अंधार पडत होता.

जवळच्या आखाड्यावर कंदील दिसला. मी लंगडत गेलो. शेतकरी वयाने मोठा होता. त्याने काही न विचारता तांब्याभर पाणी दिले. मग म्हणाला, “पाव्हणं, कुठले म्हनायचे?” मी गाव सांगितले. “आन् आडनाव?” मी म्हणालो, “कॉलेजात प्राध्यापक आहे.” तो म्हणाला, “सर हायेत व्हय? मंग बसा की वर.” त्याने बाज पुढे सरकवली. चहा झाला. मुलाला हाक मारून त्याने बैल आणवले आणि गाडी ओढून काढली. पोळलेल्या पायाला काहीतरी पाला ठेचून लावला. माणूस भला होता, हे मी मनापासून सांगतो.

परंतु त्याने आडनाव विचारले होते आणि मी हुद्दा सांगितला होता. माझे आडनाव ऐकून त्याने काय केले असते हे मला माहीत नाही. कदाचित तेच केले असते. मी त्याला ती संधीच दिली नाही. चळवळीच्या व्यासपीठावरून मी ताठ मानेने माझे नाव उच्चारतो, पण अंधारात, पोळलेल्या पायानिशी, गाडी चिखलात असताना ते नाव माझ्या घशातून बाहेर आले नाही. गेव्हाराकडे वर्तमानपत्राचे कात्रण होते, माझ्याकडे प्राध्यापकपद होते. तो चहा मला मिळाला की माझ्या नोकरीला, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वर्गातला तो प्रश्न ऐकून मी हसू शकलो नाही, याचे कारण हे.

म्हणून मी असे म्हणतो की वाट चुकणे ही साधी गोष्ट नाही. वाट चुकण्याचाही एक अधिकार असतो आणि आपल्या समाजात तो सर्वांना सारखा मिळालेला नाही. वाट चुकलेल्या माणसाला अनोळखी दारात उभे राहावे लागते. ज्याला कोणत्याही दारात आपले खरे नाव सांगता येते त्यालाच आडवाटेची मौज वाटू शकते. बाकीच्यांसाठी आडवाट म्हणजे संकट, कारण तिथे चिखलाइतकीच माणसांचीही भीती असते.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. बाबासाहेबांनी आपल्या प्रवासांविषयी लिहून ठेवले आहे ते वाचावे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही त्यांची टिपणे बहुधा १९३५-३६च्या सुमारास लिहिलेली असून १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. त्यातला पहिला प्रवास १९०१ सालचा आहे. बाबासाहेब त्या वेळी नऊ-दहा वर्षांचे. भावंडे साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. तिथून वडिलांच्या नोकरीच्या गावी जायचे होते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्यांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. रात्र वाटेत काढावी लागली. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. आता बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सभासद होते. स्टेशनावरून महारवाड्यात जायला एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार झाला नाही. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला मिळाला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एका माणसाच्या हाती लगाम आले. नदीवरच्या मोरीवर चाक अडले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि घोडा टांग्यासकट खाली नदीत गेला. हलके समजले जाणारे काम करणारा टांगेवालासुद्धा बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी त्यातून काढला आहे.

हे दोन अपघात शेजारी ठेवून पाहा. गेव्हाराचा अपघात वाळूमुळे, तुटक्या ब्रेकमुळे, अति सामानामुळे होतो. बाबासाहेबांच्या अपघाताचे कारण मोरीवरच्या दगडात शोधणारा माणूस आंधळा म्हटला पाहिजे. चाक दगडाला लागण्याच्या कितीतरी आधी तो अपघात स्टेशनाच्या आवारात घडून गेला होता. तरीही ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ला आपण प्रवासवर्णन म्हणत नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घालून गावोगाव हिंडणाऱ्या कुटुंबाचे ते पुस्तक आहे. त्यात प्रवासाशिवाय दुसरे आहे तरी काय? परंतु तेही आपण आत्मकथनाच्या कप्प्यात ठेवतो. प्रस्थापित समीक्षेने प्रवास हा शब्द तिकीट काढून परत येणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. जे आयुष्यभर चालत राहिले त्यांच्या चालण्याला तिच्याकडे नाव नाही.

मग गेव्हाराचे पुस्तक आपण टाकून द्यावे काय? माझे मत तसे नाही. या पुस्तकाचे खरे मोल मोटारसायकल बंद पडल्यानंतर सुरू होते. गाडी होती तोवर माणसे बाजूने निघून जात होती. गाडी गेल्यावर ती समोर येऊन बसतात. वाल्पाराइसोत तो दम्याने आणि हृदयविकाराने खंगलेल्या एका मोलकरीण म्हातारीला तपासतो. तिला देण्यासारखे आपल्याकडे जवळजवळ काही नाही, हे त्याला कळते. चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना त्याला एक कामगार जोडपे भेटते. नवरा कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात राहून आलेला. थंडीची रात्र आणि त्यांच्याकडे पांघरूण नाही. दोघे मित्र आपले एक ब्लँकेट त्यांना देतात. ते जोडपे गंधकाच्या खाणीकडे निघालेले असते. तिथली हवा इतकी घातक की कामावर घेताना कुणी कुणाचे राजकीय मत विचारत नाही.

हा तपशील वाचून मी पुस्तक खाली ठेवले होते. मरणाच्या कामावर घेताना प्रश्न विचारत नाहीत, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्याकडे गटारात उतरवायचे असते तेव्हा आडनाव आड येत नाही. उलट तेच पात्रता ठरते. दारात अडवणारे नाव मैल्याच्या खड्ड्याशी मात्र चालते. चिलीतल्या खाणीचे आणि आपल्या शहरातल्या गटाराचे नाते गेव्हाराला माहीत नव्हते. ते नाते जोडणे हे आपल्या समीक्षेचे काम आहे.

पेरूत माचू पिच्चूला जाताना त्याला आगगाडीचे तिसऱ्या वर्गाचे डबे दिसतात. ते तिथल्या आदिवासींसाठी आणि अर्जेंटिनात गुरे नेण्याच्या डब्यांसारखे. चांगल्या डब्यातून जाणाऱ्या पर्यटकाला ही माणसे कशी जगतात हे कळणे शक्य नाही, असे तो नोंदवतो. पेरूतच त्याला एक शिक्षक भेटतो. आदिवासी मुलाला स्वतःच्या जगाची लाज वाटायला लावणारे शिक्षण त्या शिक्षकाला नको असते. अशा शिक्षकाचे बोलणे आपल्या प्राध्यापकांनी, आणि त्यात मीही आलो, पुन्हा पुन्हा वाचावे. आडनाव घशात अडकते ते काही केवळ भीतीने नव्हे. शाळेने शिकवलेली लाजही त्यात असते.

आणि शेवटी कुष्ठरोग्यांची गोष्ट. लिमा येथील रुग्णालयात आणि पुढे अॅमेझॉनकाठच्या सान पाब्लो वसाहतीत हे दोघे रुग्णांशी हात मिळवतात, त्यांच्याबरोबर बसतात, फुटबॉल खेळतात. हातमोजे घालत नाहीत. निरोप देताना रुग्णांचे डोळे भरून येतात, ते औषधामुळे नव्हे. आपल्याला माणसासारखे वागवले म्हणून. स्पर्शाचा अर्थ ज्यांना शिकवावा लागत नाही असे आपण लोक आहोत. ही पाने वाचताना मला गेव्हारा परका वाटला नाही.

परंतु समीक्षा म्हणजे आरती नव्हे. याच पुस्तकात काराकासच्या पानांवर तो कृष्णवर्णीयांविषयी तुच्छतेने लिहितो. ते आळशी, उधळे, आणि युरोपीय माणूस कष्टाळू, अशी ती जुनीच तुलना आहे. आपल्याविषयी ही भाषा आपण किती वेळा ऐकली! खाणीतल्या कामगाराचे दुःख पाहणाऱ्या डोळ्यांना काळ्या माणसाचा इतिहास दिसला नाही. पुढे तो बदलला, आफ्रिकेत काँगोच्या लढ्यात उतरला, हे खरे आहे. परंतु १९५२च्या त्या पानाला त्यामुळे सूट मिळत नाही. वर्गाची जाणीव आली म्हणजे वर्णाची जाणीव आपोआप येते, या समजुतीला हे पान म्हणजे चोख उत्तर आहे. आपल्याकडच्या डाव्या मित्रांनी ते जरूर वाचावे.

आज आपल्या शहरांतून मोटारसायकलींचे तांडे लडाखला जातात. रविवारी मुद्दाम डांबरी सोडून ओढ्याओघळीत गाड्या घालतात आणि त्याला ऑफ-रोडिंग म्हणतात. त्यांच्या आनंदावर माझा राग नाही. आपलीही पोरे त्यात असावीत असे मला वाटते. माझे म्हणणे इतकेच की ज्या चिखलात ते दोन तास खेळतात, त्याच चिखलातून कुणाची तरी पोर रोज शाळेत जाते आणि कुणाची तरी बाळंतीण बाजेवर घालून नेली जाते. त्या वाटेवर राहणारा माणूस प्रवास लिहिणाऱ्याच्या पानात येतो की नाही, गाडी ढकलायला कोण आले, त्याने काय विचारले आणि त्याला काय उत्तर दिले, हे प्रश्न प्रवासवर्णनाच्या लक्षणांत आता लिहावे लागतील. सौंदर्यदृष्टी त्यानंतर पाहू.

त्या संध्याकाळी मी अखेर विद्यार्थ्याच्या वस्तीवर पोहोचलो. माझे चिखलाने भरलेले कपडे आणि लंगडता पाय पाहून त्याची आई म्हणाली, “सर, ह्या वाटंनं कशाला आलात? ही वाट फक्त आमीच चालतो.” तो पोरगा याच वाटेने पाऊणएक तास चालत फाट्यावर येत असे आणि तिथून एसटीने कॉलेजात. पावसाने वाट मोडली म्हणून त्याचा वर्ग बुडाला होता. मी त्याच्याकडून अर्ज भरून घेतला. वर्गात आडनावाचा प्रश्न विचारणारा मुलगा हाच.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी वर्गात दिले नाही. आखाड्यावरची गोष्ट सांगायला मला आणखी दोन तास लागले. सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही. मात्र पुढच्या आठवड्यात त्याने निबंध लिहून आणला. विषय होता, घर ते कॉलेज. मी त्यावर लाल शाईने ‘प्रवासवर्णन’ असा शेरा मारला आणि पहिल्यांदाच त्या शब्दाचा मला नीट अर्थ लागला.